इंग्रजी म्हणींतले प्राणी आणि त्यांच्यामागचं काम

शाईपेन
नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. गाइडमध्ये वाक्प्रचारांची यादी असते: डाव्या बाजूला 'ब्लॅक शीप', उजव्या बाजूला 'घराण्याला बट्टा लावणारा'. मुलं ती घोकतात, पेपरात उतरवतात आणि पुढच्या महिन्यात विसरतात. विसरणारच, कारण त्या यादीत मेंढी कुठे दिसतच नाही.

माझं म्हणणं असं की यातले बरेचसे वाक्प्रचार कुणाच्या तरी रोजच्या कामातून निघालेत. तबेल्यातून, कुरणातून, मासळीच्या धक्क्यावरून, कोळशाच्या खाणीतून. ते काम डोळ्यांसमोर उभं राहिलं की अर्थ वेगळा पाठ करायला नको. आणि ज्यांनी ते काम केलं त्या माणसांची ओळख होते, ही गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते.

सुरुवात घोड्यापासून करते. इंग्लंडात नांगर, मालगाडी, टपाल, लढाई, सगळं शतकानुशतकं घोड्याच्या जिवावर चाललं, त्यामुळे भाषेतही तो जागोजागी आहे. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' म्हणजे भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून बघू नका. ही म्हण इंग्रजीहून जुनी आहे. संत जेरोमने इ.स. 400 च्या आसपास लॅटिनमध्ये ती लिहिली, तीही लोकांच्या तोंडची म्हण म्हणूनच.

तोंडात बघायचं काय, तर वय. घोड्याचे पटाशीचे कायमचे दात साधारण पाचव्या वर्षापर्यंत पूर्ण येतात. कोवळ्या दाताच्या माथ्यावर एक काळसर खळगी असते. चारा चघळून चघळून ती झिजत जाते आणि पुढे दात वरून सपाट होतो. वय वाढलं की दात पुढे तिरके झुकतात आणि लांब दिसायला लागतात. 'लाँग इन द टूथ' म्हणजे म्हातारा, ते इथून आलं. वरच्या जबड्यातल्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक तपकिरी खाच उगवते, पंधराव्याला ती अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्याला टोकापर्यंत उतरते. आजचे पशुवैद्य या हिशेबाला ढोबळच मानतात, पण बाजारात उभ्या माणसाजवळ दुसरं होतं काय? आणि लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत कोरणीने खोटी खळगी पाडून ती डागून काळी करायचे. मुक्या जनावराच्या तोंडात तापलेलं लोखंड! हे वाचल्यापासून ती म्हण मला साधी राहिलेली नाही.

'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' मात्र शर्यतीच्या मैदानावरचं आहे. कोणता घोडा जिंकणार याची खबर ट्रेनरकडून किंवा जॉकीकडून मिळाली तर ती पक्की, आणि खुद्द घोड्यानेच सांगितली म्हटल्यावर त्याच्यापुढे बोलणंच खुंटलं.

तुम्हाला माहीत असलेल्या म्हणींमागचं काम सांगा. फक्त फॉरवर्डमध्ये आलेल्या कहाण्या जरा पारखून घ्या, एवढी विनंती.

शिवार
ताई, फार चांगला धागा. आमच्याकडे बैलबाजारात आजही हेच चालतं. गिऱ्हाईक आधी बैलाचा खालचा ओठ खाली ओढून दात बघतं, मग किमतीचं बोलणं. दुधाचे दात पडले नसतील तर खोंड 'आदत'. दोन कायमचे दात आले की 'दुसा', चार आले की 'चौसा', मग सहादाती, आणि आठही आले की 'जुळला'. पहिली जोडी दोन वर्षांच्या आसपास येते, जुळायला चार-साडेचार वर्षं लागतात. वरच्या जबड्याला पुढे दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की खरं वाटत नाही.

घोड्यांसाठी तापीकाठचं सारंगखेडा बघा, दत्तजयंतीच्या यात्रेत. तिथेही व्यापारी पहिल्यांदा तोंडच उघडतो.

आणि तुमच्या पहिल्या म्हणीला आपल्याकडे जोड आहे: धर्माचे गायी, दात का गे नाही. गाय फुकट आली तेव्हा दाताची चौकशी कशाला करता, असं.

शाईपेन
शिवारदादा, ही म्हण आजीच्या तोंडी होती, पण आदत-दुसा-चौसा हे पहिल्यांदाच ऐकतेय. सोमवारी वर्गात हे घेऊनच जाणार. अर्धी मुलं शेतकऱ्यांची आहेत, त्यांनाच सांगायला लावते.

नेमकं
मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. आज लंडनमधल्या मुलानेसुद्धा घोड्याचे दात पाहिलेले नसतात. तरी तो ही म्हण अचूक वापरतो, कारण शंभर वेळा कानावर पडलेली असते. भाषा कानाने आणि वाचनाने येते, उगम माहीत असल्याने नाही. आपल्याच भाषेत बघा, 'पाचावर धारण बसणे' कुठून आलं हे न कळता आपण आयुष्यभर बिनचूक वापरतो. मुलांच्या हातात गोष्टींची पुस्तकं द्या, बाकी आपोआप होईल. उगमाच्या कथा रंजक आहेत, पण त्या शिकवण्याच्या आड येऊ नयेत.

शाईपेन
वाचनाबद्दल शंभर टक्के सहमत. पण ज्या मुलाच्या कानावर एकदाही पडत नाही, त्याचं काय? ते बिचारं शब्दावरून अंदाज बांधतं. एका निबंधात 'डार्क हॉर्स' हा दगाबाज माणूस या अर्थाने आला होता. डार्क म्हणजे काळा, काळा म्हणजे वाईट, असा त्याचा हिशेब. शर्यतीतली गोष्ट सांगितली की गाठ सुटते. ज्या घोड्याचा जोर पैसे लावणाऱ्यांना ठाऊक नाही, तो त्यांच्यासाठी अंधारातला. मग तोच सगळ्यांना मागे टाकून निघून जातो. डिझरायलीने 1831 च्या एका कादंबरीत हा शब्दप्रयोग शर्यतीच्या वर्णनात वापरला आहे, आणि पुढे तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. रंगाचा आणि चारित्र्याचा इथे काही संबंध नाही. एवढं कळलं की मूल तो शब्द पुन्हा चुकीचा वापरत नाही.

माळरान
रंगाचा विषय निघालाच आहे तर 'ब्लॅक शीप'बद्दल लिहितो. मी मेंढपाळ कुटुंबातला आहे.

इंग्लंडची श्रीमंती एके काळी लोकरीवर उभी होती. त्यांच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष आजही लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतो, ती त्याच काळाची खूण. पांढरी लोकर हव्या त्या रंगात रंगते, काळीवर रंग चढत नाही. पांढऱ्या लोकरीत थोडे काळे तंतू मिसळले तरी सगळ्या मालाचा भाव उतरतो. त्यामुळे शंभर पांढऱ्यांत एखादं काळं कोकरू निपजलं की मालकाच्या कपाळाला आठी. त्या कोकराचा दोष एवढाच की त्याची लोकर रंगाऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

आता आमच्याकडे या. दख्खनी मेंढी, म्हणजे आपल्या माणदेश, नगर, सोलापूरच्या माळावरची मेंढी, बहुतेक काळीच. लोकर राठ आणि आखूड. तिची घोंगडी होते आणि तिला रंगवायची कुणाला गरजच पडत नाही. सूत आमच्या घरच्या बायका कातायच्या, विणकाम सणगरांचं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून ती करतात. नव्या घोंगडीला तिचा वास येतो आणि सुरुवातीला घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. वापरून वापरून मऊ पडते. पावसात डोक्यावर खोळ घेतली की पाणी वरच्यावर निथळून जातं. देवाच्या कार्यालाही काळी घोंगडीच अंथरतात.

म्हणजे त्यांच्याकडे जी मेंढी नको असलेली, तीच आमच्या घरची लक्ष्मी. माझ्या आजोबांना 'ब्लॅक शीप'चा अर्थ सांगितला असता तर त्यांना तो पटलाच नसता. शाळेत हा शब्द शिकवताना ताई हेही सांगा, ही कळकळीची विनंती. धनगराचं पोर वर्गात बसलेलं असतं.

शाईपेन
माळरान, नक्की सांगेन. तुम्ही लिहिलेला प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला तर चालेल का?

माळरान
चालेल की. आनंदच आहे.

काळा_हिरा
'कॅनरी इन अ कोल माइन', म्हणजे कोळशाच्या खाणीतला कॅनरी पक्षी, येणाऱ्या संकटाची आधीच सूचना देणारा. हा शब्दप्रयोग हल्ली वर्तमानपत्रांत फार दिसतो, हवामानबदल असो की बँका. आमचं घर खाणीवरचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं, म्हणून सविस्तर लिहितो.

1896 साली साउथ वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यात टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला, 57 माणसं गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. त्याला आढळलं की बहुतेक माणसं स्फोटाच्या धक्क्याने गेलेलीच नाहीत, ती नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेली. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त थकल्यासारखं वाटतं, बसावंसं वाटतं, आणि बसलेला उठत नाही. हॉल्डेनने सुचवलं की लहान उष्णरक्ताचा प्राणी बरोबर न्या, उंदीर किंवा पक्षी. लहान जिवाचा श्वास जलद, शरीरातली उलाढाल जलद, त्यामुळे विष त्याला माणसाच्या आधी चढतं. पक्षी सरस ठरला, कारण तो दांडीवरून पडतो ते लांबूनही दिसतं. उंदीर कोपऱ्यात मुटकुळं करून बसला तर झोपलाय की मेलाय हे कळत नाही.

ब्रिटिश खाणींत 1911 पासून हे पक्षी ठेवले जात आणि 1986 च्या अखेरीस सरकारने त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचं जाहीर केलं. तेव्हाही दोनशेच्या वर पक्षी कामावर होते. खाणवाले त्यांच्याशी शीळ घालून बोलायचे. एका तऱ्हेच्या पिंजऱ्याला वर ऑक्सिजनची छोटी नळकांडी बसवलेली असे. पक्षी कोसळला की पुढची झडप बंद करायची, नळकांडी उघडायची आणि त्याला शुद्धीवर आणायचं. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात तसा पिंजरा आहे. वर्तमानपत्रातला 'कॅनरी' नेहमी मरणारा असतो. खाणीतल्या कॅनरीला वाचवायची सोय माणसांनी करून ठेवली होती, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आमच्याकडच्या भूमिगत खाणींत मायनिंग सरदाराच्या, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्याच्या, हातात सेफ्टी लॅम्प असायचा. हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते, प्राणवायू कमी पडला की ज्योत मंदावते. पण मोनॉक्साइड त्या ज्योतीवरून ओळखता येत नाही, म्हणूनच पक्ष्याची गरज. आपल्याकडच्या खाणकामाच्या अभ्यासक्रमात कॅनरीच्या जोडीला मुनिया या छोट्या पक्ष्याचं नाव येतं.

आणखी एक. या हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, मोठा जनुकशास्त्रज्ञ. तो 1957 साली भारतात आला, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत काम केलं, नागरिकत्व घेतलं आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. लहानपणी बाप त्यालाही खाणीत उतरवायचा, हवा तपासायला.

नेमकं
काळा_हिरा, हा प्रतिसाद वाचून माझं आधीचं म्हणणं थोडं आवरतं घेतो. यातलं शुद्धीवर आणण्याचं काहीच माहीत नव्हतं आणि त्याने शब्दाचा भाव खरंच बदलतो. इशारा मिळाला की माणसाने काहीतरी करायचं असतं, हा अर्धा भाग आपण वापरताना गाळतो.

रिमझिम२
'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'बद्दल मी असं वाचलं होतं की जुन्या इंग्लंडात गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची, आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडायची. हे खरं का?

गावठाण
नाही. ही कहाणी 1999 च्या सुमारास ईमेलवरून पसरली. 'सोळाव्या शतकातलं जीवन' अशा नावाचं एक पत्र होतं, त्यात अशा पुष्कळ कहाण्या होत्या. ज्याने गवताचं छप्पर शाकारलेलं पाहिलंय त्याला ती पटणार नाही. उत्तम शाकारणीत पेंढ्या उतरत्या आणि घट्ट बांधलेल्या असतात, पाणी वरच्या वर ओघळून जातं. पाऊस आला की जनावर आसऱ्याला वळचणीखाली जाईल, उघड्या छपरावर कशाला बसेल?

लिखित पुरावा पाहिला तर सतराव्या शतकाच्या मध्यापासून कुत्री-मांजरं बरसण्याचे उल्लेख आहेत, आणि आजच्या रूपातलं वाक्य जोनाथन स्विफ्टने 1738 मध्ये छापलं. त्याच स्विफ्टच्या 1710 च्या एका कवितेत लंडनच्या पावसाचं वर्णन आहे. गटारं फुगून वाहताहेत आणि त्यातून बुडालेली पिल्लं, मेलेली मांजरं वाहत येताहेत. म्हण त्यातून निघाली असं म्हणता येत नाही. पण पावसाळ्यात तुंबलेली मुंबई ज्याने पाहिली आहे त्याच्या अंगावर ती कविता येते.

हीच गत 'लेटिंग द कॅट आउट ऑफ द बॅग'ची, म्हणजे गुपित फोडण्याची. डुकराचं पिल्लू म्हणून पोत्यात मांजर बांधून द्यायचे, असं सांगतात. पोत्यातला माल न बघता घेऊ नका हा सल्ला युरोपभर होता, आणि 'पिग इन अ पोक' तिथूनच आहे. पण पोत्यातलं मांजर ओरडत नाही, ओरबाडत नाही, असं कसं? गिऱ्हाइकाला ते कळणार नाही? लोक इतके भोळे नव्हते.

केमकाठ
इथे केंब्रिजमध्ये राहतो, म्हणून एक इथलंच देतो. 'हॉब्सन्स चॉइस' या शब्दांत घोडा दिसत नाही, पण आहे सगळा घोडाच.

टॉमस हॉब्सन हा इथला मालवाहतूकदार. केंब्रिज ते लंडन टपाल आणि माल न्यायचा, आणि मोकळे घोडे विद्यापीठातल्या पोरांना भाड्याने द्यायचा. पोरांना नेहमी तगडा, वेगवान घोडा हवा. मग तेच दोन-चार घोडे रोज पिटाळले जाणार आणि मरणार. हॉब्सनने नियम केला: तबेल्याच्या दाराशी जो उभा असेल तोच न्यायचा. काम करून आलेला घोडा रांगेच्या शेवटी. नको असेल तर नेऊ नका. म्हणून हॉब्सनची निवड म्हणजे निवडच नसणं.

लोक ही गोष्ट हॉब्सनच्या हट्टीपणाची म्हणून सांगतात. मला ती जनावराची कदर असलेल्या माणसाची वाटते. 1631 च्या सुरुवातीला तो वारला. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या बंद होत्या, आणि कवी मिल्टनने तेव्हा त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. गाडी थांबली म्हणून गाडीवान गेला, असा त्यांचा सूर. मिल्टन त्या वेळी इथे शिकत होता. गावात स्वच्छ पाणी आणणाऱ्या ज्या पाटाला हॉब्सनने पैसा दिला, त्याला अजून त्याचंच नाव आहे. रस्ताही आहे त्याच्या नावाचा.

दर्यावर
'रेड हेरिंग', म्हणजे दिशाभूल करणारी गोष्ट, कुणी घेतलं नाही अजून? मग मी घेतो, आम्ही मासळीवाले.

हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा, थंड समुद्रातला. पकडला की टिकत नाही, कारण चरबी फार. म्हणून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ग्रेट यारमथला, तो खूप मीठ देऊन मग दिवसच्या दिवस लाकडाच्या धुरात टांगायचे. तो तांबूस, कडक आणि भयंकर उग्र होतो. हाच रेड हेरिंग. गोरगरिबांचं खाणं, आणि ख्रिस्ती उपासाच्या दिवसांचंही, कारण तेव्हा मांस वर्ज्य पण मासा चालतो. आपण बोंबील वलांडीवर उन्हात वाळवतो, त्यांच्याकडे ऊन कुठलं, म्हणून धूर.

आता दिशाभूल कुठून आली? शिकारी कुत्र्यांना चकवायला हा मासा जमिनीवरून फरफटत नेत, असं सांगतात. ही गोष्ट लोकप्रिय केली विल्यम कॉबेट या पत्रकाराने, 1807 साली. लहानपणी आपण सशामागे लागलेल्या कुत्र्यांना असं भलत्या वाटेला लावलं, असं त्याने लिहिलं. पण लिहिलं कशासाठी? नेपोलियन हरला अशी खोटी बातमी आली होती, आणि तिच्या नादाने इंग्रजी वृत्तपत्रं देशातल्या महत्त्वाच्या प्रश्नांवरून भलतीकडे गेली, हे त्याला ठणकावून सांगायचं होतं. म्हणजे या शब्दाचा आजचा अर्थ धक्क्यावर जन्मला नाही, छापखान्यात जन्मला. मासा आमचा, वापर पत्रकाराचा.

शाईपेन
दर्यावर, म्हणजे माझ्या 'काम' या म्हणण्यात पत्रकाराचं कामही धरायला हवं. मान्य.

दलाल_स्ट्रीट
बाजारातलं 'बुल' आणि 'बेअर' थोडक्यात सांगतो. बैल शिंगाने वर उडवतो आणि अस्वल पंजाने खाली दाबतं म्हणून तेजी-मंदी, असं शेअर बाजाराच्या प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. लक्षात ठेवायला ठीक आहे. खरी सुरुवात अस्वलाच्या कातड्यापासून आहे. अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नका, अशी जुनी म्हण. हातात नसलेला माल आज चढ्या भावाने विकून ठेवायचा आणि पुढे भाव पडला की स्वस्तात घेऊन द्यायचा, अशा व्यापाऱ्याला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये 'बेअरस्किन जॉबर' म्हणू लागले. 1720 मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगवलेला भाव कोसळला तेव्हा हे शब्द सर्वांच्या तोंडी झाले. 'बुल' त्याला जोडी म्हणून आला. अस्वल आणि बैल यांच्यावर कुत्री सोडायचे खेळ तेव्हा इंग्लंडात राजरोस चालत, 1835 च्या कायद्याने ते बंद झाले. त्या काळात ही दोन नावं शेजारी येणं साहजिकच होतं.

अस्वलाच्या म्हणीला आपली जोड: बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

तंजावूरकर
'लायन्स शेअर', 'सावर ग्रेप्स', 'डॉग इन द मेंजर', 'क्राय वुल्फ' ही सगळी इसापाकडून इंग्रजीत आली. ती इंग्रजांच्या कामातून निघालेली नाहीत, तेव्हा धागाकर्तीने केलेल्या व्याख्येत बसत नाहीत. पण आमचा त्यांच्याशी जुना संबंध आहे म्हणून लिहिते.

तंजावरच्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या, 'बालबोध मुक्तावली' या नावाने. देवनागरीत छापलेल्या अगदी पहिल्या मराठी पुस्तकांत ते गणलं जातं. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्र्यांची 'इसापनीति' 1828 ची. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' ही म्हण आज कुणाला बाहेरून आलेली वाटत नाही, इतकी ती घरची झाली. तिच्या प्रवासात कावेरीकाठच्या मराठ्यांचाही हात आहे, हे महाराष्ट्रात फारसं कुणी सांगत नाही. आमच्या घरी अजून मराठी बोलतात, थोडी वेगळी, पण बोलतात.

आणि 'सिंहाचा वाटा' आपण मोठा हिस्सा या अर्थाने वापरतो. गोष्टीत मात्र सिंह पहिला वाटा राजा म्हणून घेतो, दुसरा शिकार केली म्हणून, तिसरा बळाच्या जोरावर, आणि चौथ्याला हात लावून दाखवा म्हणतो. सोबत्यांना काहीच मिळत नाही.

गावठाण
तंजावूरकर, ही माहिती मोलाची आहे. त्या मराठीवर वेगळा धागा काढाच.

शिडाची_होडी
मर्चंट नेव्हीत होतो. 'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स' म्हणजे मेलेल्या घोड्याला चाबूक, व्यर्थ खटाटोप, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 'डेड हॉर्स'चा जहाजावरचा एक वेगळा आणि जुना अर्थ होता.

जहाजावर चढण्याआधी खलाशाला महिन्याचा पगार उचल म्हणून मिळायचा. तो बंदरातच संपायचा, बहुतेक वेळा खाणावळवाल्याचं देणं भागवण्यात. मग पहिला महिनाभर राबायचं, पण हातात पडणार काही नाही, कारण त्या कामाचे पैसे आधीच खाल्लेले. याला 'मेलेल्या घोड्यासाठी काम करणं' म्हणत. आगाऊ पैसे घेतलेल्या कामाला हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. महिना भरला की एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजांवर समारंभ होई. शिडाचं जुनं कापड आणि पेंढा घेऊन घोडा करायचे, गाणं म्हणत डेकवरून ओढत न्यायचे, डोलकाठीच्या आडव्या दांडीपर्यंत चढवायचे आणि दोर कापून समुद्रात सोडायचे. त्या दिवसापासूनची कमाई स्वतःची.

बिंदुसरा
शिडाची_होडी, तुमचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी बीडचा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं, म्हणजे एक कोयता, पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतं. ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, घराच्या पत्र्यात जाते. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचं. पहाटे फडात शिरायचं, तोडायचं, वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बाजूला काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. टनाचा हिशेब होतो, पण तो उचलीतून वजा होत राहतो. एखाद्या दिवशी बाई आजारी पडून खाडा झाला की तोही वजा. पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वेळ आली तरी पुष्कळांची उचल फिटलेली नसते, बाकी पुढच्या हंगामावर चढते.

खलाशांचा मेलेला घोडा महिन्याने समुद्रात जायचा. आमच्याकडे तो फडाफडातून ओढत न्यावा लागतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुंपला जातो. ताई, तुमच्या वर्गात ऊसतोड्यांची मुलं असतील तर 'डेड हॉर्स'चा हा अर्थ त्यांना सांगा. आणि ती मुलं ऑक्टोबरनंतर वर्गात दिसली नाहीत तर त्यांची चौकशी करा, आमच्याकडे हंगामी वसतिगृहं आहेत, तिथे जागा मिळू शकते.

शाईपेन
बिंदुसरा, तीन मुलं आहेत. वसतिगृहाचं कुणाशी बोलायचं ते मला निरोपात कळवाल का? हंगाम सुरू व्हायच्या आत त्यांच्या घरी जाऊन येते.